दहा दिवसांचा नियम : गर्भधारणेची इच्छा, क्ष-किरण तपासणी आणि सावधगिरीचा इतिहास

प्रस्तावना

रुग्णालयातील क्ष-किरण विभागाच्या दारावर, आपण गरोदर असल्यास अथवा तशी शक्यता असल्यास तंत्रज्ञांना आधी सांगावे, या आशयाची सूचना लावलेली असते. ही सूचना इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील ‘तशी शक्यता असल्यास’ या शब्दांमागे कितीतरी दशकांचा वैज्ञानिक वाद उभा आहे, हे सहसा लक्षात येत नाही. स्त्री गरोदर आहे हे ठाऊक असेल तर डॉक्टरांपुढील प्रश्न निदान स्पष्ट तरी असतो. परंतु जी स्त्री गरोदर नाही पण होऊ इच्छिते, किंवा गर्भ राहिला असूनही जिला त्याची अद्याप जाणीव नाही, तिच्या पोटाचा एक्स-रे काढावा की काढू नये, काढावयाचा तर महिन्याच्या कोणत्या दिवशी, हा प्रश्न विसाव्या शतकातील वैद्यकाला वारंवार पडला. त्याचे उत्तरही वारंवार बदलले.

वैद्यकाच्या इतिहासात क्ष-किरणांच्या शोधावर आणि त्यांच्या पहिल्या बळींवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने मूल होऊ पाहणाऱ्या जोडप्याच्या दृष्टीने या किरणांचा इतिहास क्वचितच पाहिला गेला. प्रस्तुत लेखात ‘दहा दिवसांचा नियम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या दंडकाचा उदय, प्रसार आणि माघार यांचा मागोवा घेतला आहे. नियम बदलला तरी त्याने निर्माण केलेली भीती त्याच वेगाने ओसरत नाही आणि त्या भीतीची किंमत प्रामुख्याने स्त्रीच मोजते, असे या इतिहासातून दिसून येते.

वंध्यत्व आणणारे किरण, वंध्यत्व घालवणारे किरण

विल्हेल्म राँटजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला. पुढील काही वर्षे या किरणांचा वापर जवळजवळ निर्बंधरहित होता. कातडी भाजणे, केस गळणे हे परिणाम डोळ्यांना दिसत. प्रजननसंस्थेवरील परिणाम मात्र दिसत नव्हते. १९०३ मध्ये हॅम्बर्ग येथील हाइन्रिश आल्बर्स-श्योनबर्ग यांनी सशांवर व गिनिपिगांवर प्रयोग केले. किरण दिलेले नर बाह्यतः धडधाकट राहूनही त्यांच्या वीर्यात शुक्रजंतू उरत नाहीत, असे त्यांना आढळले. १९०५ मध्ये हाल्बरस्टेटर यांनी सशांच्या माद्यांमध्ये अंडाशय आक्रसत असल्याचे दाखविले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील ब्राउन व ऑस्गुड या वैद्यांनी क्ष-किरणांची कामे करणाऱ्या पुरुषांमध्ये शुक्रजंतूंचा अभाव नोंदविला. म्हणजेच या प्रश्नाकडे विज्ञानाचे पहिले लक्ष गेले ते मुख्यतः पुरुषांच्या संदर्भात. पुढील इतिहास पाहता ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९०६ मध्ये बेर्गोनिए व त्रिबोंदो यांनी, झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशी किरणांना अधिक बळी पडतात, असा सिद्धांत मांडला आणि शुक्रजंतूंच्या या नाशाला सैद्धांतिक आधार मिळाला.

एवढे ज्ञान हाती असता वैद्यांनी प्रजननसंस्थेपासून हे किरण दूर ठेवावयास हवे होते. प्रत्यक्षात घडले ते निराळे. न्यूयॉर्क येथील आयरा कॅप्लन यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यापासून मूल न होणाऱ्या व पाळी न येणाऱ्या स्त्रियांच्या अंडाशयांवर आणि मेंदूतील पियुषिका ग्रंथीवर क्ष-किरणांची अल्प मात्रा देण्याचा उपचार सुरू केला. मोठ्या मात्रेने जे अवयव मरतात ते अल्प मात्रेने चेतवले जातात, अशी यामागील कल्पना होती. उपचार घेतलेल्यांपैकी काही स्त्रियांना मुले झाली. परंतु उपचार न घेताही त्यांपैकी किती जणींना झाली असती, हे ठरविण्यासाठी तुलनेचा गटच नव्हता. १९५९ मध्ये कॅप्लन यांनी तेहेतीस वर्षांच्या अनुभवाचा आढावा प्रसिद्ध केला. या स्त्रियांच्या मुलांत व नातवंडांत काही अपाय आढळला नाही, असा त्यांचा दावा होता. आजच्या वाचकास हा उपचार भयावह वाटेल. तथापि तो कोणा भोंदूने चालविलेला नव्हता, मान्यवर नियतकालिकांतून प्रसिद्ध होत होता. १९६७ मध्ये अमेरिकेत क्लोमिफीन या औषधास मान्यता मिळाली आणि स्त्रीबीज परिपक्व करण्याचा अधिक सोपा मार्ग उपलब्ध झाला.

याच काळात क्ष-किरणांचा दुसरा, आणि टिकाऊ ठरलेला, उपयोग वंध्यत्वाच्या निदानासाठी होऊ लागला. १९१० मध्ये रिंडफ्लाइश यांनी बिस्मथ वापरून, तर १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅरी व रुबिन यांनी स्वतंत्रपणे चांदीचे द्रावण वापरून गर्भाशयाच्या पोकळीची छायाचित्रे घेतली. १९२० च्या दशकात आयोडीनयुक्त तेल, म्हणजेच लिपिओडॉल, उपलब्ध झाल्यावर गर्भनलिका खुल्या आहेत की बंद हे पाहण्याची ही तपासणी रूढ झाली. तिला आज संक्षेपाने ‘एचएसजी’ म्हणतात. अशा रीतीने मूल हवे म्हणूनच ओटीपोटाचा एक्स-रे काढावा लागेल, अशी परिस्थिती निर्माण झाली. या लेखातील पेच इथून सुरू होतो.

फळमाशी, उंदीर आणि हिरोशिमा

गर्भधारणेपूर्वी किरण मिळाले तर काय आणि नंतर मिळाले तर काय, हा भेद प्रथम ठळकपणे केला तो फिलाडेल्फियाचे डग्लस मर्फी व लिओपोल्ड गोल्डस्टीन यांनी. १९२९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत असे दिसले की, गरोदरपणी ओटीपोटावर उपचारासाठी किरणांच्या मोठ्या मात्रा घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांत डोके लहान राहण्यासारखी गंभीर व्यंगे लक्षणीय प्रमाणात आढळतात. गर्भधारणेपूर्वी किरण मिळालेल्या स्त्रियांच्या मुलांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा होता, पण तो फार काळ निर्वेध राहिला नाही. १९२७ मध्येच हर्मन म्युलर यांनी फळमाशीवरील प्रयोगांतून क्ष-किरणांमुळे जनुकांत उत्परिवर्तने होतात व ती पुढील पिढ्यांत उतरतात, हे सिद्ध केले होते. त्यासाठी त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता प्रश्न केवळ एका बाळाचा न राहता वंशाचा झाला. आईच्या अंडाशयास गर्भधारणेच्या कितीतरी आधी मिळालेली मात्राही संशयास्पद ठरली.

ऑगस्ट १९४५ नंतर हा संशय जगभर पसरला. जेम्स नील व विल्यम शुल यांच्या नेतृत्वाखाली हिरोशिमा व नागासाकी येथे जन्मणाऱ्या मुलांची पाहणी १९४८ ते १९५४ या काळात झाली. तिची पद्धत उल्लेखनीय आहे. युद्धोत्तर जपानमध्ये गरोदर स्त्रियांना पाचव्या महिन्यापासून जादा शिधा मिळत असे. त्या शिधानोंदणीचाच उपयोग गर्भवतींची यादी करण्यासाठी करण्यात आला. सत्तर हजारांहून अधिक प्रसूतींची माहिती गोळा झाली. बॉम्बच्या किरणोत्सर्गास सामोऱ्या गेलेल्या आईबापांना त्यानंतर झालेल्या मुलांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण निश्चितपणे वाढल्याचे आढळले नाही. हा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने आणि ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने एकाच दिवशी, १२ जून रोजी, किरणोत्सर्गाच्या जैविक परिणामांवरील आपापले अहवाल जाहीर केले आणि वैद्यकीय एक्स-रे हाही जनतेच्या प्रजनन ग्रंथींना मिळणाऱ्या किरणमात्रेचा मोठा स्रोत असल्याकडे लक्ष वेधले. पुन्हा त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी, गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढलेल्या मातांच्या मुलांत बालकर्करोग अधिक आढळतो, ही प्राथमिक नोंद प्रसिद्ध केली. सविस्तर लेख १९५८ मध्ये आला आणि १९६२ मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅकमहॉन यांच्या अभ्यासाने त्यास पुष्टी दिली. प्रसूतिशास्त्रज्ञ व क्ष-किरणतज्ज्ञ यांनी स्ट्युअर्ट यांचे म्हणणे सहजासहजी स्वीकारले नाही. आपण काळजीने केलेली तपासणीच अपायकारक ठरली, हे मान्य करणे कोणत्याही व्यवसायास जड जाते.

दहा दिवसांचा नियम

नियमाचे मूळ मात्र अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या उंदरांत आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या लियान रसेल आणि त्यांचे पती विल्यम रसेल यांनी गाभण उंदरिणींना गर्भावस्थेच्या वेगवेगळ्या दिवशी क्ष-किरण दिले. गर्भ गर्भाशयात रुजण्यापूर्वी किरण मिळाल्यास तो बहुधा नष्ट होतो, पण वाचला तर साधारणपणे निकोप राहतो. अवयव घडण्याच्या दिवसांत मिळाल्यास तो जगतो, पण व्यंग घेऊन जन्मतो. मानवी गर्भाच्या बाबतीत हे नाजूक दिवस पहिल्या काही आठवड्यांत येतात आणि त्या वेळी पुष्कळदा स्त्रीला आपण गरोदर असल्याचे कळलेलेही नसते. म्हणून १९५२ मध्ये रसेल दांपत्याने असे सुचविले की, मूल होण्याच्या वयातील स्त्रियांच्या ओटीपोटाच्या क्ष-किरण तपासण्या शक्यतो पाळी सुरू झाल्यापासूनच्या दोन आठवड्यांत कराव्यात. तेव्हा गर्भ राहिलेला नसण्याची शक्यता सर्वाधिक असते.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९६० च्या दशकात ही कल्पना स्वीकारली. मात्र चौदा दिवसांऐवजी दहा दिवसांची मर्यादा घातली. ज्यांचे ऋतुचक्र लहान असते अशा स्त्रियांत स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या आधीही सुटू शकते, हे पाहता ही काटछाट समजण्यासारखी आहे. तातडीच्या नसलेल्या ओटीपोटाच्या तपासण्या पाळीच्या पहिल्या दहा दिवसांतच कराव्यात, असा हा दंडक होता. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात तो मोठ्या प्रमाणावर अमलात आला.

कागदावर साधा दिसणारा हा नियम व्यवहारात किती अवघड होता, याची कल्पना करता येते. क्ष-किरण विभागाची वेळापत्रके आता यंत्रांच्या उपलब्धतेवर नव्हे, तर स्त्रियांच्या पाळीच्या तारखांवर ठरू लागली. मूत्रपिंडाचा किंवा मणक्याचा एक्स-रे हवा असलेल्या स्त्रीला पुढील पाळी येईपर्यंत घरी पाठविण्यात येई. ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांचे काय, याचे उत्तर नियमाजवळ नव्हते आणि वंध्यत्वाच्या तपासणीसाठी येणाऱ्या पुष्कळ स्त्रिया याच गटातील असतात. शिवाय पाळीची तारीख अनोळखी तंत्रज्ञास सांगण्याचा संकोच कोणत्याही समाजात असतोच.

नियमाची माघार

रसेल दांपत्याच्या संशोधनातच नियमाच्या माघारीचे बीज होते. गर्भ रुजण्यापूर्वीच्या काळात परिणाम ‘सर्व किंवा काही नाही’ अशा स्वरूपाचा असेल, तर नियम ज्या दिवसांत तपासणी टाळावयास सांगत होता ते पाळीचे उत्तरार्धातील दिवस व्यंगाच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे नव्हतेच. अवयव घडण्याचा काळ येतो पाळी चुकल्यानंतर. १९८४ मध्ये ओटाके व शुल यांनी हिरोशिमा-नागासाकीच्या सामग्रीवरून दाखविले की, मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने सर्वाधिक नाजूक काळ गर्भधारणेनंतरच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्यांत असतो. आणखी एक मुद्दा पुढे आला, तो काहीसा उपरोधिक आहे. पाळीच्या पहिल्या दहा दिवसांत अंडाशयात त्या महिन्याचे स्त्रीबीज परिपक्व होत असते. तेव्हा ‘सुरक्षित’ म्हणून नेमलेल्या दिवसांत गर्भास धोका नसला तरी बीजास किरण मिळतातच.

१९८३-८४ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भूमिका बदलली. पहिल्या दहा दिवसांत गर्भच नसल्याने त्यास धोका नाही आणि चक्राच्या उरलेल्या दिवसांत धोका इतका अल्प आहे की विशेष निर्बंधाची आवश्यकता नाही, असे आयोगाने म्हटले. ब्रिटनच्या राष्ट्रीय संस्थेने १९८५ मध्ये तदनुसार सल्ला दिला. प्रश्न ‘पाळीचा कितवा दिवस?’ असा न राहता ‘पाळी चुकली आहे काय?’ असा झाला. त्यास ‘अठ्ठावीस दिवसांचा नियम’ म्हटले जाऊ लागले. दहा दिवसांचा नियम पूर्णपणे लोपला मात्र नाही. ज्यांत गर्भाशयास दहा मिलीग्रेहून अधिक मात्रा मिळू शकते, अशा पोटाच्या सीटी स्कॅनसारख्या तपासण्यांसाठी तो पर्याय म्हणून ब्रिटनमध्ये पुढेही ठेवण्यात आला.

आकड्यांचे भान येथे आवश्यक आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये गर्भाशयाच्या जागी पोहोचणारी मात्रा ०.०१ मिलीग्रेहूनही कमी असते. पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये ती एक ते तीन मिलीग्रेच्या घरात, तर ओटीपोटाच्या सीटी स्कॅनमध्ये काही दशक मिलीग्रेपर्यंत जाऊ शकते. १०० मिलीग्रेहून कमी मात्रेच्या कारणावरून गर्भपात करणे समर्थनीय नाही, असे आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० साली स्पष्ट केले आहे. वंशपरंपरेने उतरणाऱ्या अपायांबाबत तर आयोगाचा अंदाज सतत खाली येत गेला. एकूण जोखमीत प्रजनन ग्रंथींना आयोगाने दिलेला भारांक १९७७ मध्ये ०.२५ होता, तो १९९० मध्ये ०.२० आणि २००७ मध्ये ०.०८ झाला. म्युलर यांच्या फळमाशीने घातलेली भीती या तीन आकड्यांत कशी उतरत गेली ते दिसते. रुग्णाच्या ओटीपोटावर शिशाचा पत्रा ठेवण्याची १९५० च्या दशकापासूनची प्रथाही आता मागे पडत आहे. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये व राष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण परिषदेने २०२१ मध्ये ती नेहमीच्या वापरातून काढण्याची शिफारस केली. हे सर्व निदानाच्या तपासण्यांविषयी आहे. कर्करोगावरील किरणोपचार किंवा थायरॉईडसाठी दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीन यांची गोष्ट वेगळी असून, अशा आयोडीन उपचारानंतर स्त्रियांना साधारणतः निदान सहा महिने गर्भधारणा टाळण्यास सांगितले जाते.

पित्याचा प्रश्न आणि केरळचा किनारा

१९०३ मध्ये नरापासून सुरू झालेला हा प्रश्न मधल्या काळात जवळजवळ पूर्णतः स्त्रीचा होऊन बसला. पिता पुन्हा चर्चेत आला तो १९९० मध्ये. इंग्लंडमधील सेलाफील्ड अणुप्रकल्पाजवळच्या गावातील मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक का, याचा शोध घेताना मार्टिन गार्डनर यांनी गर्भधारणेपूर्वी पित्यास मिळालेल्या किरणमात्रेशी त्याचा संबंध जोडला. पुढील अभ्यासांतून त्यास पुष्टी मिळाली नाही आणि १९९३ मध्ये ब्रिटिश न्यायालयानेही हा कार्यकारणभाव सिद्ध झाला नसल्याचा निर्णय दिला. पुरुषासाठी मात्र ‘दहा दिवसां’सारखा कोणताही नियम कधीच झाला नाही. वस्तुतः शुक्रजंतू सुमारे अडीच महिन्यांत नव्याने तयार होतात. स्त्रीबीजे तशी होत नाहीत. या जीवशास्त्रीय भेदाने काही प्रमाणात स्पष्टीकरण मिळते, सर्वस्वी नाही.

भारतात या प्रश्नाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. केरळमधील कोल्लम जिल्ह्याच्या किनारपट्टीवर मोनाझाइटयुक्त वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग बराच अधिक आहे आणि तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यातच संसार करीत आले आहेत. १९७६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तेथे डाउन सिंड्रोमचे प्रमाण अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले व त्यावर वादही झाला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९५ पासून तेथील रुग्णालयांत नवजात बालकांची पद्धतशीर पाहणी हाती घेतली. तीत जन्मजात व्यंगांचा किरणोत्सर्गाच्या पातळीशी संबंध आढळून आला नाही. वैद्यकीय यंत्रांचे नियमन भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. हे मंडळ नोव्हेंबर १९८३ मध्ये, म्हणजे नेमके दहा दिवसांचा नियम मागे घेतला जात असताना, स्थापन झाले व त्याचे मुख्यालय मुंबईत आहे.

किरणरहित असल्यामुळे निर्धास्त वाटणाऱ्या सोनोग्राफीचा इतिहास येथे सविस्तर देण्याचे प्रयोजन नाही. ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये तिचा पाया घातला. स्त्रीबीजाची वाढ पाहण्यासाठी तिचा उपयोग १९७० च्या दशकात सुरू झाला आणि गर्भधारणेची वाट पाहणाऱ्या स्त्रीची क्ष-किरणांपासून पुष्कळ अंशी सुटका झाली. तथापि ध्वनिलहरींनी जी जोखीम आणली नाही ती समाजाने आणली. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ च्या दुरुस्तीने त्याच्या नावात ‘गर्भधारणापूर्व’ हा शब्दही घालावा लागला.

भीतीची किंमत

एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना घडली. ग्रीसमध्ये त्यामुळे लोकांना मिळालेली मात्रा एक मिलिसिव्हर्टपेक्षा कमी होती. निसर्गाकडून प्रत्येकास वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. तरीही जानेवारी १९८७ मध्ये त्या देशातील जन्मसंख्या अचानक घटली. ट्रिकोपूलोस व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, त्या वेळी प्रारंभीच्या अवस्थेत असलेल्या गर्भांपैकी सुमारे २३ टक्के, म्हणजे जवळपास २,५०० गर्भ, निव्वळ भीतीपोटी पाडण्यात आले. त्यांतील बहुतेक गर्भ हवेसे होते. नियम मागे घेतला जाऊन दोनतीन वर्षे झाली होती; परंतु ज्या वैद्यांनी सल्ला दिला त्यांचे शिक्षण नियमाच्या भराच्या काळात झाले होते, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

दुसऱ्या बाजूची किंमत मोजणे अधिक कठीण आहे. जी तपासणी पुढे ढकलली गेली, ज्या आजाराचे निदान महिनाभराने लांबले, त्याची नोंद कोणत्याच अहवालात सापडत नाही. वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या, वयाची पस्तिशी गाठलेल्या स्त्रीच्या दृष्टीने एकेक चक्र मोलाचे असते.

या संदर्भात एचएसजी तपासणीचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. अंडाशयांना काही मिलीग्रे मात्रा देणारी ही तपासणी शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. २०१७ मध्ये नेदरलँड्समधील २७ रुग्णालयांत १,११९ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाण्यात विरघळणारे द्रव्य वापरलेल्या गटात सहा महिन्यांच्या आत २९.१ टक्के स्त्रियांना गर्भ राहून टिकला, तर १९२० च्या दशकातील लिपिओडॉलच्या जातीचे तेल वापरलेल्या गटात हे प्रमाण ३९.७ टक्के होते. ज्या तपासणीसाठी स्त्रियांना घाबरविले गेले, तीच त्यांच्यापैकी काहींना उपचारासारखी लाभली. किरणांमुळे नव्हे, तर नलिकांतून वाहिलेल्या तेलामुळे. कॅप्लन यांच्या किरणोपचाराशी याची गल्लत होऊ नये. ही तपासणी आजही पाळी थांबल्यानंतर, साधारणपणे पहिल्या दहाबारा दिवसांतच केली जाते. त्यामागे सुटलेले बीज किंवा नुकताच राहिलेला गर्भ द्रव्याच्या दाबाने विस्थापित होऊ नये, असा विचार आहे, आणि या एका खोलीत तरी रसेल दांपत्याचे जुने दिनमान अद्याप पाळले जाते.